राणीछाप आणि राजाछाप : वजन सारखं, चांदी वेगळी

मी संग्रामपूर तालुक्यातल्या बचत गटांचं काम पाहते. आज हिशेबाच्या वह्या बाजूला ठेवून थोडा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. हा इतिहास मात्र आपल्या पेटीत, कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवलेला आहे.

गेल्या पेरणीच्या आधीची गोष्ट. आमच्या एका गटाच्या बैठकीत दोन सख्ख्या जावा एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. नावं सांगत नाही, थोरली आणि धाकटी म्हणू. सासूबाईंच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ होती. आपल्या डोळ्यांदेखत वाटणी व्हावी म्हणून त्यांनी ती मोडली, कड्या काढून घेतल्या आणि चोवीस रुपये दोन सुनांना मोजून दिले. बारा हिला, बारा तिला. थोरलीला मुलाच्या फीसाठी पैसे हवे होते, धाकटीला बियाण्यासाठी. दोघी एकाच एसटीनं खामगावला गेल्या. खामगावला आपण रजतनगरी म्हणतो. चांदीचं काही असलं की आपली पावलं तिकडेच वळतात.

सराफानं दोन्ही पुरचुंड्या काट्यावर ठेवल्या. वजन जवळपास सारखंच, १४० ग्रॅमच्या आसपास. पण किंमत सांगितली ती ऐकून धाकटी उभीच राहिली. थोरलीच्या बारा रुपयांना जे पैसे मिळत होते, त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त तिच्या वाट्याला येत होते. "काटा सारखा दाखवतो, मग पैसे कमी कसे?" तिला वाटलं सराफ फसवतोय. परतीच्या एसटीत वाटू लागलं की सासूनंच थोरलीला झुकतं माप दिलं. घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. सासूबाई रडकुंडीला येऊन एकच म्हणत होत्या, "मी तं मोजूनच देल्ले व माय. बारा तुले, बारा तिले."

सासूबाई खरं बोलत होत्या, काटाही खरं सांगत होता, आणि सराफानंही फसवलं नव्हतं. तरी वाटणी चुकली होती. ती कशी, हे समजायला आपल्याला दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं.

आधी आपली भाषाच पाहा. एखाद्याच्या नावाला बट्टा लागला, असं आपण म्हणतो. हा बट्टा सराफाच्या पेढीवरून आलेला आहे. पूर्वी एकाच बाजारात निरनिराळ्या राजांचे आणि टांकसाळींचे रुपये फिरत. कुणात चांदी जास्त, कुणात कमी. सराफ प्रत्येकाची पारख करून जेवढी खोट तेवढे पैसे कापून घ्यायचा. ते कापलेले पैसे म्हणजे बट्टा. नाणं खरं की खोटं हे दगडावर वाजवून पाहत, म्हणून खऱ्या माणसाला आपण खणखणीत नाणं म्हणतो. काळ्या दगडावर सोनं घासून त्याचा कस पाहत, ती कसोटी. बावनकशी सोनं म्हणजे एकदम शुद्ध. हे शब्द आपण रोज बोलतो, पण त्यामागे धातूची पारख आहे हे ध्यानात येत नाही.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीनं कायदा करून एकसारखा रुपया सुरू केला. त्याचं वजन एक तोळा, म्हणजे आजच्या हिशेबानं ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी आणि एक भाग दुसरा धातू, मुख्यतः तांबं. नुसती चांदी मऊ असते, हाताळून झिजते. थोडं तांबं घातलं की ती टणक होते. म्हणजे शेकडा ९१.७ चांदी. तुमच्या सोन्याच्या दागिन्यावर ९१६ असा आकडा असतो ना, ते बावीस कॅरेट. चोवीसातले बावीस म्हणजेच बारातले अकरा. प्रमाण तेच, फक्त एकीकडे सोनं आणि एकीकडे चांदी.

हा रुपया इतका बिनचूक वजनाचा होता की लोक त्याचाच वजन म्हणून वापर करू लागले. आपल्या आज्या औषध सांगताना रुपयाभार म्हणायच्या, ते यावरूनच.

आपल्या वऱ्हाडात हा रुपया पोचला तो कापसाच्या वाटेनं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. खामगावची कापूस बाजारपेठ भरभराटीला आली. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा टाकला गेला तो १८७० मध्ये. कापसाच्या गाड्या गेल्या आणि बदल्यात चांदीचे रुपये आले. त्या काळी आपल्या खेड्यांत बँक कुठली? कुणी रुपये जमिनीत पुरले, कुणी बायकोच्या गळ्यात घातले. रुपयाला कडी डागली, दोऱ्यात ओवलं, झाली माळ. ती माळ हीच त्या घराची बचत होती. त्या रुपयांवर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, म्हणून राणीछाप. तिच्यामागून सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज आले, ते राजाछाप. छाप बदलला तरी चांदी तीच राहिली, १९३९ पर्यंत.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि इथल्या लोकांचा कागदी नोटांवरचा भरवसा उडाला. नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायला झुंबड उडाली. घेतलेला रुपया बाजारात परत येईना, घराघरांत दडवला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धातही चांदीची अशीच चणचण झाली होती. १९१७ मध्ये एक रुपयाची नोट निघाली ती त्यामुळेच. दोन्ही युद्धांत अमेरिकेतून इकडे चांदी आणावी लागली. १९४० मध्ये सरकारनं दोन गोष्टी केल्या. एक रुपयाची नोट पुन्हा काढली, आणि रुपयातली चांदी कमी करून टाकली. नव्या रुपयात शंभर भागांत चांदी ५०, तांबं ४०, निकेल ५ आणि जस्त ५. जुने भरपूर चांदीचे रुपये सरकारनं युद्धाच्या काळात हळूहळू चलनातून परत घेतले. जे लोकांनी परत केले नाहीत, ते पेट्यांत आणि गळ्यांत राहिले.

खरी मेख पुढे आहे. नव्या रुपयाचं वजन सरकारनं तेच ठेवलं, ११.६६ ग्रॅम. आकारही तोच. रंगही जवळपास तोच. अक्षर न येणाऱ्या बाईला हातात घेऊन फरक कळणं कठीण. जुन्या एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, नव्यात फक्त ५.८३ ग्रॅम. १९४७ मध्ये तर रुपया निकेलचाच झाला, त्यात चांदी अजिबात नाही.

आता दोघी जावांचा हिशेब करा. सासूबाईंच्या माळेत बारा रुपये १९३९ च्या आधीचे होते आणि बारा १९४० नंतरचे. माळ मोडताना ते एका बाजूनं मोजत गेले, म्हणून सगळे जुने थोरलीकडे आणि सगळे नवे धाकटीकडे गेले. थोरलीच्या वाट्याला १२८ ग्रॅम चांदी, धाकटीच्या वाट्याला ७०. नाणी झिजलेली असतात म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी धरा. तरी फरक अठ्ठावन्न ग्रॅमच्या जवळ जातो. काट्यावर मात्र दोन्हीकडे १४०.

मग काट्याला जे कळत नाही ते कशानं कळतं? पाण्यानं.

"एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?" हे कोडं आपण लहानपणी घातलेलं आहे. दोन्ही सारखेच, पण कापसाला जागा जास्त लागते. धातूंचंही तसंच आहे. प्रत्येक बाजू एक सेंटीमीटर, असा फाशाएवढा तुकडा डोळ्यांपुढे आणा. तो पाण्याचा असेल तर वजन एक ग्रॅम. आपल्या जात्याच्या काळ्या दगडाचा असेल तर तीन ग्रॅमच्या आसपास. जस्ताचा ७.१, कल्हईच्या कथिलाचा ७.३, लोखंडाचा ७.९, तांब्याचा जवळजवळ ९, चांदीचा १०.५, शिशाचा ११.३, पाऱ्याचा १३.६ आणि सोन्याचा १९.३ ग्रॅम. याला घनता म्हणतात. एक लिटरचा तांब्या सोन्यानं भरला तर त्यातलं सोनंच एकोणीस किलोच्या वर जाईल. सिनेमातला चोर सोन्याच्या विटांची पेटी काखेत मारून पळतो ते पाहून आता हसायला येईल.

शुद्ध धातूची घनता ठरलेली असते. त्यात हलका धातू मिसळला की ती उतरते, आणि तेवढ्याच वजनाचा गोळा जास्त जागा अडवतो. पाण्यात बुडवला की जास्त पाणी वर ढकलतो. ग्रीक विद्वान आर्किमिडीजनं राजाच्या मुकुटातली भेसळ अशीच ओळखली, ही गोष्ट तुमच्या मुलांच्या पुस्तकात असेल. पण हे ज्ञान आपल्याकडेही फार जुनं आहे. अकराव्या शतकात भारतात आलेल्या अल्-बेरुनी या पंडितानं धातू आणि रत्नं पाण्यात तोलून त्यांची मापं लिहून ठेवली. पाचशे वर्षांनी अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’ लिहिलं, त्यात कोणता धातू किती पाणी बाजूला सारतो याचा तक्ता दिला. एकाच वजनाचे धातू घेतले तर सोनं सगळ्यांत कमी पाणी सारतं.

आणि मैत्रिणींनो, याच ग्रंथात आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारही आहे. वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना मेहकरच्या सरकारात लोणारचा उल्लेख येतो. काच आणि साबण करायला जे जे लागतं ते तिथं मिळतं, असं त्यात नोंदवलेलं आहे. धातूंच्या घनतेचा तक्ता आणि आपलं लोणार एकाच ग्रंथात आहेत, हे बी.ए.ला असताना मी वाचलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. दिल्ली-आग्र्याला बसलेल्या लोकांनी आपल्या डोंगरातल्या क्षाराची दखल घेतली होती.

त्या दिवशी बैठकीत आम्ही काय केलं ते सांगते. गटाचा मसाल्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे पाकिटं तोलायचा छोटा काटा होता, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. त्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि काटा शून्यावर आणला. बारा रुपये दोऱ्यानं घट्ट बांधले आणि पाण्यात सोडले. ते पूर्ण बुडाले पाहिजेत, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. दोरा हातात धरून ठेवायचा. मग काटा जेवढे ग्रॅम दाखवतो तेवढी त्या नाण्यांनी अडवलेली जागा. नाण्यांच्या कोरड्या वजनाला या आकड्यानं भागलं की घनता निघते.

थोरलीच्या बारा रुपयांनी साडेतेरा ग्रॅम दाखवले. १४० भागिले साडेतेरा, म्हणजे दहाच्या वर. धाकटीच्या रुपयांनी पावणेपंधराच्या जवळ दाखवले, म्हणजे साडेनऊच्या आसपास. फरक सव्वा ग्रॅमचा, पण काट्यावर सगळ्यांना दिसला. एक काकू म्हणाल्या, "पाण्यानं तं चुगली केली व बाई." मग भिंग आणलं आणि एकेका नाण्यावरचं साल वाचलं. पाण्यानं सांगितलं तेच सालानं सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, साल वाचता येतं तर पाण्याचा खटाटोप कशाला? बरोबर आहे. पण गळ्यात वापरून घासलेल्या नाण्यांवरचं साल पुसलेलं असतं, आणि नकली नाण्यावर कोणतंही साल टाकता येतं. खुणा जेवढ्या जास्त तेवढं बरं. १९४० नंतरच्या बहुतेक रुपयांच्या कडेला, दात्यांच्या मधोमध, खोलगट नक्षीची रेघ असते. नकली नाण्यांना आळा घालायला ती आणली होती. १९४७ चा निकेलचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही.

"हाताला जड लागलं म्हणजे अस्सल" हा समज मात्र मनातून काढून टाका. शिसं चांदीपेक्षा जड असतं. शिशात कथिलासारखा हलका धातू मिसळून चांदीच्या जवळ जाणारं वजन साधता येतं. पण शिसं मऊ असतं, कागदावर ओढलं तर करडी रेघ उठते, आणि वाजवलं तर खणखणत नाही, बद्द आवाज करतं. घरी असं काही वितळवून पाहू नका, शिशाची वाफ विषारी असते. खऱ्या शेंदरातही शिसंच असतं, म्हणून त्याची इवलीशी पुडीही हाताला जड लागते. लेकरांच्या हाती तो लागू देऊ नका.

सोन्याच्या बाबतीत तर पाणीही फसू शकतं. टंगस्टन नावाच्या धातूची घनता १९.२५ आहे, सोन्याच्या अगदी जवळ. हा धातू आपल्या विदर्भातही, नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात सापडतो. आत टंगस्टन आणि वर सोन्याचा जाड मुलामा असेल तर पाण्यालाही भेद कळत नाही. उलट लाख भरलेला किंवा आतून पोकळ दागिना सोन्याचा असूनही घनतेत हलका निघतो. म्हणून सोनं घेताना हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी पाहायचा, आणि मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो तपासायचा. दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली आहे. खोदकामात सोन्याच्या गिन्न्या सापडल्या, स्वस्तात देतो, असं सांगत कुणी दारात आलं तर ना काटा काढा ना पाण्याचा पेला. दार लावून घ्या.

वाटणीत घात करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तोळा. जुना तोळा बारा माशांचा, ११.६६ ग्रॅमचा. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर हळूहळू ग्रॅम आले. आता बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. सासूबाई जुन्या मापानं "पाच तोळे" म्हणत असतील तर ते अठ्ठावन्न ग्रॅम होतात. तुम्ही आजच्या तोळ्यानं पन्नास ग्रॅम धरलेत तर आठ ग्रॅम वाऱ्यावर गेले. म्हणून वाटणीच्या कागदावर तोळे लिहू नका, ग्रॅम लिहा.

दोघी जावांचं पुढे काय झालं? बैठकीतच चोवीस रुपये सतरंजीवर मांडले. सालाप्रमाणे दोन ढीग केले, आणि प्रत्येक ढिगातून सहा-सहा दोघींना दिले. आता प्रत्येकीकडे नव्व्याण्णव ग्रॅमच्या आसपास चांदी आली. थोरलीच्या हातून एकोणतीस ग्रॅम गेली. तिचं तोंड उतरलं होतं, ते खोटं कशाला सांगू? पण सगळ्या गटासमोर तिनं स्वतःच्या हातानं सहा राणीछाप धाकटीच्या ओंजळीत टाकले. बियाण्याला कमी पडले तेवढे धाकटीनं गटातून घेतले आणि तिचे हप्ते नीट चालू आहेत. सासूबाईंना कुणीतरी मोठ्यानं समजावून सांगितलं की चूक तुमची नव्हती, रुपयाच बदलला होता. त्या म्हणाल्या, "मंग मले कोनं सांगतलं नाही?"

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. रुपयातली चांदी निम्म्यावर आली, ही गोष्ट मुंबई-कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत छापून आली असेल. पण आपली सगळी बचत गळ्यात घालून शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत ती पोचवायला कुणी आलं नाही. आज ऐंशी वर्षांनी रेडिओवरून मी सांगते आहे.

तेव्हा एक काम करा. घरात जुने रुपये असतील तर आखाजीच्या आत पेटीतून काढा. १९३९ पर्यंतचे एका पुरचुंडीत आणि १९४० ते ४५ चे दुसऱ्या पुरचुंडीत बांधा. निकेलचे वेगळे काढून ठेवा. किती रुपये, कोणत्या सालाचे, वजन किती ग्रॅम, हे कागदावर लिहून त्यावर घरातल्या दोघा-तिघांच्या सह्या घ्या. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी थोडे पैसे भरा, असा फोन आला तर तो कापा. असल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच लोकांना सावध केलेलं आहे. आणि विकायची वेळ आलीच तर एका पेढीवर भाव ऐकून लगेच विकू नका, दोन ठिकाणी विचारा. विचारताना सांगा, "हे जुने आहेत, बारात अकरा चांदीचे." समोरच्याला कळेल की ही बाई साल वाचून आली आहे.

ज्यांना साल वाचता येत नाही त्यांनी पुढच्या बैठकीला नाणी घेऊन या. भिंग, काटा आणि पाण्याचा पेला मी आणते.